सोसायटीतले खासगी हायड्रंट : कायदा काय मागतो आणि तपासणीत नेमकं काय उघडून पाहायचं

पाणीदार

रस्त्यावरच्या हायड्रंटची, म्हणजे आग विझवायला पाणी घ्यायच्या नळाची, काळजी पालिका घेते. फाटकाच्या आतला प्रत्येक लाल नळ मात्र खासगी असतो. त्यामागची टाकी, पंप, जिन्याशेजारून वर गेलेला उभा पाइप (रायझर), होज बॉक्स (होज म्हणजे पाणी नेणारी कापडी नळी, तिची पेटी) आणि बंबासाठी ठेवलेला इनलेटही त्यातच आला. हे सगळं चालू ठेवणं मालकाचं किंवा भोगवटादाराचं काम, म्हणजे गृहनिर्माण संस्थेत व्यवस्थापक समितीचं. समित्या बदलतात आणि दर वेळी तेच प्रश्न नव्याने विचारले जातात, म्हणून महाराष्ट्रापुरतं सगळं एका जागी यावं असं वाटलं.

मूळ कायदा ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’, आणि त्याखालचे नियम २००९ चे. रोजच्या कामाचं कलम ३. त्यानुसार यंत्रणा बसवायची आणि ‘सदैव’ सुस्थितीत व कार्यक्षम ठेवायची. यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सी तसं प्रमाणपत्र म्हणून ‘ए’ फॉर्म देते. त्यानंतर दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन महिन्यांत यंत्रणा सुस्थितीत असल्याचा ‘बी’ फॉर्म मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायचा. फॉर्मवर सही करणारी एजन्सी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना असलेलीच हवी. ओळखीचा प्लंबर कितीही हुशार असला तरी त्याची सही इथे चालत नाही. यंत्रणेतला भाग काढणं, बदलणं किंवा तिच्याशी छेडछाड करणं याच कायद्याने मना आहे. त्रुटी राहिल्या तर नोटीस येते, आणि पुढे वीज-पाणी तोडण्यापर्यंतचे अधिकार अग्निशमन दलाला आहेत.

माझा मुद्दा त्या ‘सदैव’ शब्दाचा. बी फॉर्म एका दिवसाची स्थिती सांगतो, कायदा वर्षाचे सगळे दिवस मागतो. मधल्या काळात पंपाचा स्विच कोणी ‘ऑफ’वर ठेवला किंवा नोझल चोरीला गेलं, तर फाइलमधला फॉर्म आग विझवणार नाही. जबाबदारीही एजन्सीकडे सरकत नाही, ती समितीकडेच राहते.

सहा महिन्यांत एकच चाचणी डोळ्यांसमोर करून घ्यायची असेल तर ही घ्या. सगळ्यात वरच्या, किंवा पंपापासून सगळ्यात लांबच्या, लँडिंग व्हॉल्व्हला (मजल्यावरचा, होज जोडायचा व्हॉल्व्ह) होज जोडा, नोझल लावा, पाणी पूर्ण सोडा आणि पाणी वाहत असताना तिथला दाब बघा. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ प्रमाणे तो ३.५ किलो असायला हवा (प्रति चौरस सेंटिमीटर, पुढे नुसतं ‘किलो’ लिहितो). व्हॉल्व्ह बंद असताना गेज ५ दाखवतो आणि उघडल्यावर १ वर येतो, असं बऱ्याच ठिकाणी दिसेल. बंद नळाचा दाब फक्त पाण्याचा स्तंभ उभा आहे एवढंच सांगतो.

पंपखोलीतल्या आकड्यावरूनही अंदाज बांधता येतो. १० मीटर उंचीला साधारण १ किलो दाब खर्च होतो. ४५ मीटरच्या इमारतीत वर ३.५ हवा असेल तर खाली ४.५ अधिक ३.५ म्हणजे ८, आणि पाइपमधल्या घर्षणाचं वेगळं. म्हणजे पाणी वाहत असताना पंपाच्या गेजवर साडेआठ-नऊच्या आसपास हवं. तिथे ६ दिसत असेल तर वर जेमतेम दीड पोचतो आहे. हे गणित समितीतल्या प्रत्येकाला यायला हवं असं मला वाटतं.

---

दाबमापक

चांगला धागा. मोजायचं कसं ते लिहितो, कारण चूक तिथेच होते.

एजन्सीवाले बऱ्याचदा व्हॉल्व्हच्या तोंडावर गेज बसवलेली टोपी लावतात आणि व्हॉल्व्ह उघडून आकडा दाखवतात. टोपीतून पाणी बाहेर पडत नाही, त्यामुळे हा बंद दाबच झाला. वाहता दाब मोजायला व्हॉल्व्ह आणि होजच्या मध्ये बसणारा, गेजसाठी बाजूला फाटा काढलेला जोड लागतो. तो नसेल तर होज बॉक्सशेजारी रायझरवरच कायमचं गेज बसवून घ्या, आधी आयसोलेशन कॉक आणि मग गेज. कॉक ठेवला नाही तर गेज बदलायला अख्खा रायझर रिकामा करावा लागतो.

प्रवाहाचं सूत्र : लिटर प्रति मिनिट = ⅔ × (नोझलचा व्यास मिमीमध्ये)² × √दाब. २० मिमीच्या नोझलला ३.५ वर सुमारे ५०० लिटर, ७ वर सुमारे ७०० लिटर. यात धरायचा तो नोझलपाशी असलेला दाब. १५ मीटरच्या एका होजमधली घट किरकोळ असते, तीन-चार होज जोडले तर ती हिशेबात धरावी लागते.

दाब जास्त असणंही बरं नाही. नोझलचा मागे ढकलणारा जोर दाबाच्या प्रमाणात वाढतो. २० मिमी नोझलवर ३.५ ला साधारण २२ किलो वजनाइतका, ७ ला ४५ किलोइतका. २२ किलोचा जोर दोन माणसं सांभाळतात, ४५ ला अननुभवी माणसाच्या हातून ब्रँच पाइप (होजच्या टोकाची, नोझल लावायची धातूची नळी) सुटतो. सुटलेला ब्रँच पाइप फरशीवर आपटत फिरतो आणि हाड मोडू शकतो. म्हणून ७ च्या वर दाब जाणाऱ्या खालच्या मजल्यांवर लँडिंग व्हॉल्व्हमागे ऑरिफिस प्लेट (दाब कमी करणारी, भोकाची चकती) बसवतात. ही प्लेट मजल्यानुसार वेगवेगळ्या भोकाची असते. दुरुस्तीत फ्लँज उघडताना ती काढली जाते आणि परत बसवायची राहते, किंवा तिसऱ्या मजल्याची दहाव्यावर जाते. प्रत्येक प्लेटवर मजल्याचा आकडा ठोकून घ्या.

---

घरसोसायटी

सचिव म्हणून काम पाहणाऱ्यांसाठी एक शंका. वरच्या मजल्यावर ५०० लिटर मिनिटाला सोडायचे म्हणता, ते पाणी जाणार कुठे? पाणीकपातीच्या दिवसांत रहिवासी आक्षेप घेतात, आणि लिफ्टमध्ये पाणी गेलं तर तो खर्च वेगळाच.

---

पाणीदार

रास्त शंका. जिन्यात किंवा लिफ्टच्या लॉबीत पाणी कधीच सोडू नये. शेवटच्या मजल्यावरून होज गच्चीत न्यायचा आणि नोझलचं तोंड गच्चीतल्या टाकीच्या झाकणात किंवा पावसाच्या निचऱ्याकडे धरायचं. टाकीत सोडलं तर पाणी वाया जात नाही, मात्र आधी रायझर धुऊन घ्यावा लागतो, कारण पहिलं पाणी गंजाने लालभडक येतं. वाचनाला दोन मिनिटं पुरतात, म्हणजे साधारण १,००० लिटर. पंपखोलीत टाकीकडे परत जाणारी टेस्ट लाइन असेल तर पंपाची वेगळी चाचणी तिथेच होते, एक थेंब बाहेर जात नाही. पण त्या चाचणीने वरचा दाब कळत नाही, दोन्ही कराव्यात.

चाचणीच्या वेळी लिफ्ट वरच्या मजल्यापासून दूर नेऊन बंद ठेवा आणि तिच्या दाराच्या उंबऱ्याशी गोणपाट लावा. होजच्या सांध्यातून थोडं पाणी पडतंच.

व्हॉल्व्ह हळू उघडायचा आणि त्याहून हळू बंद करायचा. झटक्याने बंद केला की उभ्या पाइपातलं धावतं पाणी एकदम थांबतं आणि घणाचा घाव बसावा तसा धक्का सगळ्या सांध्यांना बसतो. चाचणीनंतर दुसऱ्याच दिवशी कुठेतरी गळती दिसली तर कारण बहुधा हेच.

---

उभानळ

होज बॉक्सबद्दल लिहितो. यात बघायला खूप असतं, आणि लोक काच पुसून पुढे जातात.

लँडिंग व्हॉल्व्ह. ६३ मिमी तोंडाचा, आयएस (भारतीय मानक) ५२९० चा शिक्का पाहा. चाक पूर्ण फिरतं का ते हाताने बघा. पाना लावावा लागला तर तो नापास. चाक जाम होण्याचं सगळ्यात साधं कारण रंग. रंगारी बॉक्ससकट व्हॉल्व्हवर लाल रंग मारतात, तो स्पिंडलच्या (चाकाच्या दांड्याच्या) आट्यांत वाळतो. रंगकामाआधी स्पिंडल, तोंड आणि टोपीला कागद गुंडाळायला सांगा. चाकच नसेल तर तो व्हॉल्व्ह निरुपयोगी, आणि गनमेटलची चाकं चोरीला जातातच. बंद व्हॉल्व्हच्या तोंडातून थेंब येत असतील तर सीटचा रबर गेला आहे. चाक आणखी आवळून गळती थांबवू नका, स्पिंडल वाकतो.

तोंडाची टोपी. साखळीने अडकवलेली हवी. टोपी नसली की तोंडात कागद, सुपारीची पाकिटं आणि मुलांच्या गोट्या जातात, आणि पाणी सोडलं की हे सगळं नोझलमध्ये जाऊन अडकतं.

होज. बहुतेक ठिकाणी ६३ मिमी व्यासाचे, १५ मीटरचे दोन असतात. आयएस ६३६ चा शिक्का होजवर छापलेला असतो. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेला होज घडीवरच फुटतो. दर तपासणीत पूर्ण उलगडा, आणि परत ठेवताना घड्या आधीच्या जागी येऊ देऊ नका. उंदरांनी कुरतडलेल्या जागा कपलिंगजवळ (होजच्या टोकाच्या धातूच्या जोडाजवळ) असतात, तिथे बोट फिरवून बघा.

होज दाबावर घेताना कपलिंगच्या मागे, होजच्या कापडावर पेनाने गोल रेघ मारा. पूर्ण दाबाने पाच मिनिटं भरून ठेवा. रेघ कपलिंगपासून सरकलेली दिसली तर तारेची बांधणी सैल आहे आणि होज निसटणार आहे. डोळ्यांना ही सरक एरवी दिसतच नाही, म्हणून रेघ मारल्याशिवाय होजची चाचणी झाली असं मी मानत नाही. बांधणीची तार गंजली असेल तर नव्याने बांधून घ्या. होज वाळवायचा तो सावलीत.

कपलिंग. व्हॉल्व्हचं तोंड मादी. होजचं नर टोक त्यात जातं, मादी टोक ब्रँच पाइपकडे. बॉक्समध्ये होज उलटा गुंडाळलेला असेल तर आगीच्या वेळी व्हॉल्व्हपाशी मादी टोक हातात येतं आणि अख्खा होज फिरवावा लागतो. मादी टोकात रबरी वॉशर असतो, तो नसला की सांध्यातून फवारा उडतो आणि दाब तिथेच संपतो. वॉशरवर खनिज तेल किंवा साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतो. सिलिकॉन ग्रीस चालतं.

ब्रँच पाइप आणि नोझल. आहे की नाही, एवढंच आधी मोजा. चोरीच्या भीतीने सगळी नोझल्स ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेली असतात, हे सर्रास दिसतं. तपासणीच्या दिवशी ती वाटायची आणि संध्याकाळी गोळा करायची, हा कायद्याचा सरळ भंग आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रात्री दोन वाजता कपाटाची किल्ली कोणाकडे असते? बॉक्सला काच फोडून उघडायची सोय ठेवा, आणि चोरी थांबवायची असेल तर जिन्यात कॅमेरा लावा.

---

घरसोसायटी

कपाटातल्या नोझल्सचं अगदी खरं. आता एक नेहमीची तक्रार : जॉकी पंप दर दहा-पंधरा मिनिटांनी चालू होतो, आवाजाने तळमजल्यावरचे लोक हैराण होतात आणि शेवटी कोणीतरी पॅनल बंद करतं. एजन्सी म्हणते पंप बदला. उपाय काय?

---

दाबमापक

पंप बदलू नका. जॉकी वारंवार सुरू होतोय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. जॉकीचं काम नुसता दाब टिकवण्याचं, १८० लिटर प्रति मिनिटाचा छोटा पंप असतो तो. न गळणाऱ्या यंत्रणेत त्याने दिवसात क्वचितच सुरू व्हावं.

शोधायची पद्धत :

१. रहिवाशांना आणि सुरक्षारक्षकाला सांगून जॉकी व मुख्य पंप थोडा वेळ ‘मॅन्युअल’वर घ्या. एक माणूस पॅनलजवळ उभा राहील.
२. हेडरवरच्या (पंपांचं पाणी एकत्र येतं त्या मुख्य पाइपावरच्या) गेजचा आकडा आणि वेळ लिहा.
३. प्रत्येक रायझरच्या तळाचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह एकेक करून बंद करा, दर वेळी दहा मिनिटं थांबा.
४. ज्याला बंद केल्यावर दाब पडायचा थांबतो, गळती त्या रायझरवर.
५. सगळे बंद करूनही दाब पडतोय तर दोष पंपखोलीत किंवा आवाराच्या जमिनीखालच्या पाइपात.

रायझरवर असेल तर लँडिंग व्हॉल्व्हची तोंडं, होज रीलचे (चक्रावर गुंडाळलेल्या बारीक रबरी नळीचे) बॉल व्हॉल्व्ह आणि सगळ्यात वरचा एअर रिलीज व्हॉल्व्ह बघा. होज रीलमधून गळणारं पाणी रबरी नळीतच साठतं आणि नोझल बंद असेल तर बाहेर दिसतही नाही. नळी फुगलेली, टणक लागली की समजा. पंपखोलीत असेल तर पंपाच्या पुढचा एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. तो धरत नसेल तर पाणी पंपातून उलटं टाकीत जातं, जमिनीवर थेंबही दिसत नाही. पंप बंद असताना शाफ्ट हळूच उलटा फिरताना दिसला तर खात्रीच.

जमिनीखालचा पाइप शेवटी तपासा, पण विसरू नका. पाइप जिथे मातीतून भिंतीत शिरतो तिथे तो आधी गंजतो. पेव्हर ब्लॉक खचणं, उन्हाळ्यातही हिरवं राहणारं गवत, कोरड्या दिवसांत ओली चेंबर ही लक्षणं.

चाचणी संपली की सगळे व्हॉल्व्ह उघडे आणि पॅनल ‘ऑटो’वर आहे हे दुसऱ्या माणसाने तपासून सही करावी. गळती शोधायला बंद केलेला व्हॉल्व्ह तसाच राहिला तर त्या विंगमध्ये पुढच्या तपासणीपर्यंत पाणी नाही.

---

पंपघर

पंपखोलीबद्दल भर घालतो.

पंप सुरू होण्याचा क्रम प्रेशर स्विच ठरवतात. उदाहरणादाखल, यंत्रणा ८.५ वर भरलेली असेल तर जॉकी ८ ला सुरू होऊन ८.५ ला आपोआप बंद होईल, मुख्य विजेवरचा पंप ७ ला सुरू होईल, डिझेल पंप ६ ला. मुख्य आणि डिझेल पंप आपोआप बंद होत नाहीत, ते हाताने बंद करायचे, आणि तसंच हवं. आगीच्या मध्यात दाब क्षणभर वाढला म्हणून पंप थांबता कामा नये. म्हणूनच रात्रपाळीच्या रक्षकाला थांबवायचं बटण माहीत हवं. कोणीच व्हॉल्व्ह उघडलेला नसताना मुख्य पंप चालत राहिला तर आतलं पाणी तापतं आणि सील जळतं.

चाचणी अशी : पॅनल ऑटोवर ठेवून हेडरचा ड्रेन कॉक हळूहळू उघडा. जॉकी, मग मुख्य पंप सुरू झाला पाहिजे. मग मुख्य पंपाचा वीजपुरवठा मुद्दाम तोडा आणि डिझेल सुरू होतो का बघा. हा शेवटचा भाग टाळला जातो आणि नेमका तोच महत्त्वाचा, कारण आगीत पहिली वीज जाते.

सुरू झाला नाही तर क्रमाने हे बघा : सिलेक्टर स्विच, मग प्रेशर स्विचखालचा छोटा कॉक (तक्रार आली की तंत्रज्ञ हाच बंद करून जातात, आणि मग स्विचला दाब पडल्याचं कळतच नाही), मग ओव्हरलोड रिले, मग तिन्ही फेज. डिझेलला बॅटरी. चार्जरचा हिरवा दिवा पुरावा नाही. बॅटरीवर इंजिन प्रत्यक्ष फिरलं तरच ती चांगली. अमेरिकेतल्या एनएफपीए २५ मानकात डिझेल पंप आठवड्यातून एकदा ३० मिनिटं चालवायला सांगितलंय, कारण इंजिन नीट गरम झालं तरच दोष बाहेर येतात. आपल्याकडे दोन मिनिटं घरघर करून बंद करतात, तेवढ्यात रेडिएटरची गळतीसुद्धा दिसत नाही.

ग्लँडमधून (पंपाच्या शाफ्टभोवतीच्या सांध्यातून) थोडे थेंब पडणं ठीक आहे, आतल्या दोरीच्या पॅकिंगला थंडावा त्यानेच मिळतो. खोली ओली होते म्हणून ग्लँड पूर्ण आवळली की दोरी जळते आणि शाफ्टची स्लीव्ह खरवडली जाते.

वीज : फायर पंपाचा फीडर इमारतीच्या मेन स्विचच्या आधीपासून स्वतंत्र हवा. दल आल्यावर इमारतीची वीज तोडतं, त्याच स्विचवर पंप असेल तर पाणीही तिथेच थांबलं.

आणि टाकी. ७५,००० लिटरची राखीव टाकी २,२८० लिटर प्रति मिनिटाच्या पंपाला साधारण ३३ मिनिटं पुरते, तीही भरलेली असेल तर. घरगुती पंपाची सक्शन (पाणी ओढणारा पाइप) फायरच्या कप्प्यात तळापर्यंत गेलेली असेल तर राखीव साठा कागदावरच आहे. योग्य रचना अशी की पालिकेचं पाणी आधी फायरच्या कप्प्यात पडतं आणि तिथून वरून ओसंडून घरगुती कप्प्यात जातं. त्यामुळे फायरचा कप्पा कायम भरलेला आणि पाणी फिरतं राहतं. टँकर आला तरी तो फायरच्या कप्प्यातच रिकामा करायचा.

---

जिना_मोकळा

आवारातल्या हायड्रंटबद्दल कोणी लिहिलं नाही.

यार्ड हायड्रंटला वर्षातून एकदा तरी पूर्ण उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायला हवं, किमान एक मिनिट. त्याने फाट्यांत साठलेला गंज आणि वाळू बाहेर पडते. त्यांच्यावर गाड्या धुणं आणि बागेला पाणी घालणं बंद करा. पाण्याच्या नासाडीपेक्षाही मोठं नुकसान असं की रोज अर्धवट उघडल्याने सीट झिजते आणि जॉकीला विश्रांती मिळत नाही.

फाटकाजवळचा दोन किंवा चार तोंडांचा इनलेट बंबासाठी आहे. तुमचा पंप बंद पडला तर दल इथूनच रायझरमध्ये पाणी ढकलतं, म्हणजे हा शेवटचा आधार. त्याची तोंडं ६३ मिमीची, नर. टोप्या काढून आत हात घाला, कचरा असतोच. टोपी काढल्यावर आतून पाणी ठिबकत असेल तर इनलेटचा एनआरव्ही धरत नाहीये. एनआरव्हीच्या अंगावरचा बाण रायझरच्या दिशेने आहे ना तेही बघा. उलटा बसवला असेल तर बंब कितीही जोर लावो, पाणी आत जाणार नाही, आणि बंब लावेपर्यंत हे कोणाला कळणारही नाही.

इनलेट दोन असू शकतात, एक रायझरचा आणि एक टाकी भरण्याचा. दोन्हींवर मराठीत ठळक पाटी हवी. ‘रायझर – अ विंग’, ‘टाकी भरणे’. समोरची जागा पार्किंगच्या आखणीत कोणालाही देऊ नका. सभेत ठराव करून पिवळे पट्टे मारून घ्या, कारण नंतर ती जागा परत मिळवणं फार अवघड जातं.

---

घरसोसायटी

दुरुस्तीसाठी रायझर दोन-तीन दिवस रिकामा ठेवावा लागला तर? परवानगी घ्यावी लागते का?

---

नियमवाचक

‘सदैव कार्यक्षम’ ही अट दुरुस्तीच्या दिवसांतही लागू असते, त्यामुळे बंद काळ लहान ठेवणं आणि तो लेखी ठेवणं तुमच्याच हिताचं. स्थानिक अग्निशमन केंद्राला आधी पत्र द्या : कोणती विंग, कोणत्या तारखेपासून, किती तास, कोणती एजन्सी. पोच घ्या. ज्या विंगचं काम आहे तेवढाच रायझर आयसोलेट करा, पंपखोली बंद करू नका. बंद केलेल्या व्हॉल्व्हला तारीख लिहिलेली लाल पाटी बांधा. त्या काळात प्रत्येक मजल्यावर जादा अग्निशामक सिलिंडर ठेवा, वेल्डिंगचं काम दुसऱ्या दिवसावर ढकला आणि रात्री फेरी मारणारा माणूस नेमा. साहित्य आवारात आल्याशिवाय पाइप कापायला देऊ नका. व्हॉल्व्ह यायचा आहे म्हणून आठवडाभर कोरडे पडलेले रायझर याच घाईतून होतात.

बी फॉर्मच्या वेळेबद्दलही सांगतो. जानेवारीचा फॉर्म हवा म्हणून जानेवारीत एजन्सीला बोलावलं तर दोष निघाल्यावर दोनच वाटा उरतात, फॉर्म उशिरा देणं किंवा दोष असताना सही घेणं. दुसरी वाट तर खोटं प्रमाणपत्र झालं. तपासणी डिसेंबरच्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात करा, दुरुस्तीला तीन आठवडे मिळतात. एजन्सीचा परवाना त्या तारखेला चालू आहे का हे संचालनालयाच्या यादीत दर वेळी बघा, गेल्या वर्षीच्या झेरॉक्सवर विसंबू नका.

देखभालीचा करार आणि बी फॉर्म एकाच एजन्सीकडे असावा का यावर मतं वेगळी आहेत. माझं मत, चालेल, पण चाचणीच्या वेळी समितीचे दोन सदस्य हजर हवेत आणि आकडे त्यांनी स्वतः लिहावेत. आपणच केलेल्या कामाला आपणच प्रमाणपत्र देताना कोणाचीही नजर सैल पडू शकते.

---

दाबमापक

याच्याशी थोडा असहमत. मोठ्या संकुलात दर दोन वर्षांनी एकदा तरी वेगळ्या परवानाधारकाकडून वरच्या मजल्याची वाहत्या पाण्याची चाचणी करून घ्यावी. दोन वाचनांत अर्ध्या किलोहून जास्त फरक पडला तर कोणीतरी एक चुकतंय, किंवा पाइप आतून गंजून अरुंद होतोय. दोन्ही वेळा कारण शोधायला हवं.

---

पाणीदार

दाबमापक, हे पटलं. त्यासाठीच नोंदवहीत ‘ओके’ असं लिहू देऊ नका, आकडे लिहा. दर वेळी एवढं पुरे : तारीख, वरच्या व्हॉल्व्हचा बंद दाब आणि वाहता दाब, नोझलचा व्यास, जॉकी-मुख्य-डिझेल कोणत्या दाबाला सुरू झाले, डिझेल किती मिनिटं चालला, टाकीची पातळी, बॉक्सनिहाय होज-नोझल-वॉशरची मोजणी, बंद-चालू व्हॉल्व्हची स्थिती, हजर असलेल्यांच्या सह्या. पाच वर्षांचे वाहत्या दाबाचे आकडे एकाखाली एक वाचले की पंप झिजतोय का, ते दलाने सांगण्याआधी कळतं.

---

घरसोसायटी

शेवटचा प्रश्न. रहिवाशांना यातलं काय शिकवायचं? एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात सराव ठेवायचा विचार आहे.

---

उभानळ

होज रील शिकवा. मोठा होज शिकवू नका. होज रीलची रबरी नळी एकटा माणूस ओढू शकतो, बॉल व्हॉल्व्ह उघडला की पाणी येतं, नळी पूर्ण उलगडावी लागत नाही. आग लहान असेल, पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल आणि तिथली वीज बंद केली असेल तेव्हाच ती वापरायची. ६३ मिमीचा होज दलासाठी आणि प्रशिक्षित रक्षकांसाठी. त्यावर दोन माणसं आणि व्हॉल्व्हपाशी तिसरा लागतो, आणि भरलेल्या १५ मीटरच्या होजमध्ये पन्नासेक लिटर पाणी असतं, ते वजन घेऊन जिन्यात वळणं सोपं नाही.

सप्ताह १४ एप्रिलपासून असतो, १९४४ साली त्याच तारखेला मुंबई गोदीतल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. स्थानिक केंद्राला महिनाभर आधी पत्र दिलं तर जवान सराव घ्यायला येतात. त्या दिवशी त्यांच्याकडून फाटकाजवळचा इनलेट प्रत्यक्ष जोडून पाणी वर चढवून बघा. एनआरव्हीची दिशा, टोप्या, वर पोचलेला दाब, सगळं एकदम कळतं. सराव झाल्यावर होज निथळवून, सावलीत वाळवून, नवीन जागी घड्या पाडून, नर टोक व्हॉल्व्हकडे ठेवून बॉक्समध्ये परत गेले का, हे मोजणाऱ्या माणसाचं नाव आधीच ठरवून ठेवा.